खूण नसलेला सर्पदंश

गेल्या पावसाळ्यात पहाटे एका शेतमजुराला माझ्या दवाखान्यात आणले. पोटात सारखे दुखत होते, 2 उलट्या झाल्या होत्या. मुलाने मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले होते; तिने पित्त सांगितले. नुसती लक्षणे ऐकून मीही कदाचित तेच म्हटले असते.

"रात्री कुठं झोपला होता?"

"खालीच की, गोधडीवर."

मग डोळे पाहिले. पापण्या जड होऊन मिटू लागल्या होत्या. तशीच 108 ची गाडी बोलावून प्रतिविषासाठी रुग्णालयात पाठवले. वाचला.

मण्यार रात्री फिरते. दात बारीक, सूज नाही, खूणही बहुधा दिसत नाही. सर्पदंशात 2 मिलिलिटर रक्त कोरड्या काचनळीत 20 मिनिटे ठेवून गोठते का, हे पाहण्याचा नियम आहे. घोणस, फुरसे यांच्यासाठी तो फार उपयोगाचा. मण्यारीचे विष मात्र मज्जातंतूंवर काम करते. रक्त नेहमीसारखे गोठते आणि श्वास बंद पडतो! चाचणी चांगली आली म्हणून असा रुग्ण घरी पाठवू नये.

पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे. पहाटे पोटदुखी होऊन पापण्या जड झाल्या तर दंशाची खूण शोधत बसू नका, मोबाइलही बाजूला ठेवा. डॉक्टरांना आधी रुग्ण कुठे झोपला होता ते सांगा.