मूल ऐकत नाही, तेव्हा

संध्याकाळचे सात वाजलेले. आई चार घरची धुणीभांडी उरकून नुकतीच आलेली. दहा बाय बाराच्या खोलीत एका बाजूला भात शिजतोय, दुसऱ्या बाजूला टीव्ही आणि मधे मूल. धक्का लागून पाण्याची कळशी लवंडते आणि पाठीत धपाटा बसतो. तीच कळशी रविवारी लवंडली होती, तेव्हा आई हसली होती. मुलाने यातून काय शिकायचं? कळशीपासून जपून चालावं हे तर नाहीच. आई दमलेली असली की तिच्या जवळ जायचं नाही, एवढंच ते शिकतं.

वस्तीतल्या बैठकीत हा विषय काढला की बाया म्हणतात, "ताई, आम्ही काय मार न खाता मोठ्या झालो?" खरं आहे. आम्हीही खाल्लाय, आणि आमच्या पोरांना दिलाही आहे. पण दवाखान्यात नोकरी करताना जे पाहिलं, ते विसरता येत नाही. कानाखाली मारल्यावर कानाचा पडदा फाटू शकतो. मूल कान दुखतो म्हणतं, कानात गुंई आवाज येतो, ऐकू कमी येतं, कधी रक्त येतं. अशा वेळी कानात तेल घालू नका, पाणी जाऊ देऊ नका, कानाच्या डॉक्टरांना दाखवा. पडदा बऱ्याचदा आपोआप भरून येतो, पण तो भरला की नाही ते डॉक्टरांनीच बघायला हवं. आणि तान्ह्या बाळाला रडतं म्हणून कधीही गदागदा हलवू नका. मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकतं. बाळ रडून रडून जीव नकोसा करत असेल, तर त्याला सपाट जागी सुरक्षित झोपवा आणि दारात जाऊन चार श्वास घ्या. शेजारणीला हाक मारा. त्यात लाज कसली?

आता "ऐकत नाही" या तक्रारीबद्दल. एका मुलाला घरी आणि शाळेत दोन्हीकडे हट्टी म्हणून मार बसायचा. तपासलं तर दोन्ही कान वाहत होते. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं. रक्त कमी असलेलं मूल चिडचिडं होतं, उपाशी किंवा झोप न झालेलंही होतं. पाच-सहा वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं तर नेहमीचं आहे, त्यावर मारून उपयोग होत नाही, उलट मूल धास्तावतं. म्हणून शिस्तीआधी तपासणी.

त्यानंतर नियम. ते दोन-तीनच ठेवा. आज चालतं, उद्या मार पडतो, असं असेल तर तो नियम नव्हेच. चुलीपासून ओरडू नका. जवळ जा, नाव घेऊन एका वाक्यात सांगा. मोडला तर काय होईल तेही आधीच सांगा, आणि तेवढंच करा. सांडलं तर पोतेरं हातात द्यायचं, भांडण केलं तर खेळ तेवढ्यापुरता बंद. जेवण मात्र कधीच बंद करायचं नाही. ऐकलं तर तेही बोलून दाखवा, आपण तिथेच कंजूष असतो. "पप्पांना येऊ दे, मग बघ" हे सोडून द्या, त्याने बाप घरात शिरायच्या आधीच राक्षस होतो. आणि दारू पिऊन आलेल्या माणसाने त्या रात्री मुलाला शिस्त लावायची नाही, हा नियम मोठ्यांसाठी.

तथागतांनी राहुलला खोटं बोलण्याविषयी समजावलं, ते भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून. मज्झिम निकायात ते आहे. हातातलं भांडं आणि शांत आवाज, एवढंच साधन.

शाळेत मारणं तर कायद्यानेच बंद आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009, त्यातलं कलम 17. मुलाला शाळेत मार बसला तर गप्प राहू नका. घरात किंवा बाहेर मूल धोक्यात असेल तर 1098 हा फुकटचा नंबर दिवसरात्र चालू असतो. तो मुलांनाही पाठ करून द्या.

आमच्या गटातल्या एका आईने ठरवलं, रात्री आठनंतर मोबाईल फळीवर. पहिल्या रात्री पोराने एवढा आकांत केला की शेजारी विचारायला आले. दुसऱ्या रात्री आजी विरघळली आणि फोन काढून दिला. मग आई आणि आजी दोघींनी बसून बोलून घेतलं. आठवडाभर रडारड झाली, पण आईचा आवाज चढला नाही आणि फोनही खाली आला नाही. आता पोरगा स्वतः फोन फळीवर ठेवतो. आणि विचारतो, आजीची मालिका मग नऊपर्यंत कशी चालते? याचं उत्तर त्या घरात अजून सापडलेलं नाही.