चुना वाळतो की घट्ट होतो? : भौतिक व रासायनिक बदलांचा एक विचार

पदार्थांत होणाऱ्या बदलांचे भौतिक व रासायनिक असे दोन वर्ग करण्याचा प्रघात आहे. भौतिक बदल परतवता येतो, रासायनिक बदल परतवता येत नाही, अशी त्यांची कसोटी शालेय पुस्तकांतून बहुधा सांगितली जाते. बर्फाचे पाणी होते व पाण्याचा पुन्हा बर्फ होतो; परंतु लाकडाची राख झाली, की तिचे पुन्हा लाकूड होत नाही. ही उदाहरणे खरी आहेत. कसोटी मात्र खरी नाही. बांधकामातील चुन्याचा प्रवास पाहिला असता हे स्पष्ट होते. इतकेच नव्हे, तर जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत ह्या भेदाचे अज्ञान किती महाग पडते, हेही ध्यानात येते.

१. भट्टीतील बदल

चुनखडीचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट होय. कोकणात व गोव्यात शिंपले भाजून चुना करीत. त्या शिंपल्यांतही मुख्यत्वे हेच द्रव्य असते. चुनखडी कुटून तिची पूड केली, तर रूप बदलते, द्रव्य बदलत नाही. पुडीवर अम्ल टाकले असता ती खड्याप्रमाणेच फसफसते. हा भौतिक बदल झाला. तीच चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविली, की तिच्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, मागे राहतो. १०० भाग शुद्ध कार्बोनेटापासून ५६ भाग चुना व ४४ भाग वायू मिळतो. येथे खड्याचा आकार बहुतांशी तसाच राहतो, तो केवळ हलका होतो. परंतु द्रव्य सर्वस्वी निराळे झालेले असते. डोळ्यांची साक्ष ह्या विषयात किती अपुरी आहे, ते यावरून दिसेल.

चुन्याचा दाहकपणा अग्नीतून त्यात शिरलेल्या कोणा तत्त्वामुळे येतो, अशी पूर्वी समजूत होती. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक ह्या रसायनशास्त्रज्ञाने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात तराजूच्या साहाय्याने ती खोडून काढली. भाजताना खडूत काही शिरत नाही, उलट त्यातून एक वायू बाहेर पडतो, हे त्याने दाखविले; आणि तो वायू सौम्य अल्कलीच्या द्रावणातून परत देऊन जवळजवळ मूळ वजनाइतका खडू पुन्हा मिळविला.

२. विरवण्याची क्रिया

कळीच्या चुन्यावर पाणी घातले, की तो फुलतो, फुटतो व तापतो. ५६ भाग चुना १८ भाग पाण्याशी संयोग पावून ७४ भाग कॅल्शियम हायड्रॉक्साइड होते व घन द्रव्याचे आकारमान सुमारे दुप्पट होते. एक किलोग्रॅम चुना विरताना अदमासे ११५० किलोजूल उष्णता बाहेर पडते. तीन लिटरांहून अधिक पाणी उकळीला आणण्यास ती पुरेशी आहे. म्हणूनच अर्धवट विरलेला चुना गिलाव्यात वापरला, तर तो पुढे भिंतीत विरतो, फुगतो व गिलाव्याला फोड आणतो.

३. भिंतीतील बदल

भिंतीत घातलेला चुना ‘वाळला’, असे आपण म्हणतो. वस्तुतः तेथे दोन बदल घडत असतात. पाण्याची वाफ होऊन ते उडून जाते, हा भौतिक बदल. तो काही दिवसांत घडतो. हायड्रॉक्साइड हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून पुन्हा कार्बोनेट बनते, हा रासायनिक बदल. त्यास महिने, जाड भिंतीत वर्षे लागतात, कारण हवेत हा वायू अवघा ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो. चुन्यास खरे बळ येते ते ह्या दुसऱ्या बदलामुळे.

मौज अशी, की ह्या बदलासही ओलावा लागतो. वायू प्रथम छिद्रांतील पाण्याच्या पातळ थरात विरघळतो व मगच संयोग घडतो. चुना कडक उन्हात झटपट सुकला, तर क्रिया थांबते व सांधा भुसभुशीत राहतो. उलट छिद्रे पाण्याने गच्च भरली, तर वायूस आत वाट मिळत नाही; कारण हवेच्या मानाने पाण्यातून तो सुमारे दहा हजारपट मंद गतीने सरकतो. नव्या कामावर ओले गोणपाट घालण्यामागील कारण हेच. क्रिया कोठवर पोचली ते पाहण्यासाठी सांध्याचा तुकडा मोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण लावावे. कार्बोनेट झालेला भाग रंगहीन राहतो, न झालेला गुलाबी होतो. सुरखी मिसळलेल्या चुन्यात याखेरीज विटेच्या भुकटीतील सिलिकेशी संयोग होऊन पाण्यातही टिकणारी संयुगे तयार होतात.

४. कसोटी कोणती?

भट्टीत गेलेली चुनखडी अशा रीतीने भिंतीत पुन्हा चुनखडीच होते. तिन्ही बदल रासायनिक, तरी द्रव्य मूळ स्थितीस आले. आता उलट उदाहरण घेऊ. जुन्या चुन्याचे सांधे काढून तेथे सिमेंट भरले, की पूर्वी सांध्यातून बाहेर पडणारी ओल विटेतून वा मऊ दगडातून वाट काढते. तिच्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिकरूप होतात व त्यांच्या दाबाने पापुद्रे सुटतात. विरघळलेल्या क्षाराचे स्फटिक बनणे हा भौतिक बदल. क्षार पुन्हा विरघळतोही. परंतु झडलेली वीट वा कोरीव काम परत येत नाही.

तात्पर्य, बदल परतवता येतो की नाही हा प्रश्न गौण असून, द्रव्याचे संघटन बदलले की नाही हाच मुख्य प्रश्न होय. जुन्या वास्तूची दुरुस्ती हाती घेणाऱ्याने त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: ह्या भिंतीतील पाणी कोणत्या वाटेने बाहेर पडते? त्याचे उत्तर मिळण्यापूर्वी सांध्यास हात लावू नये.