पिल्लाच्या मते घर कुठे संपतं?

भंडारा जिल्ह्यात एखाद्या घरी चिन्नोर तांदूळ शिजायला लागला की शेजाऱ्यांना न सांगता कळतं. सुवासिक तांदळाला हा वास देणारा मुख्य रेणू म्हणजे २-अ‍ॅसिटाइल-१-पायरोलीन. नाव विसरलात तरी चालेल, पण हा रेणू आणखी कुठे सापडला ते विसरता येणार नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलं की तांदळाचा हा गंध वाघाच्या खुणेच्या मुतातही आहे! भंडाऱ्यातल्याच कोक्याच्या जंगलात वाघ शेपटी उभारून झाडाच्या बुंध्यावर मागच्या मागे पिचकारी मारतो, त्या पिचकारीत. त्या द्रवात स्निग्ध कणही असतात. वास त्यांना चिकटतो आणि सावकाश सुटत राहतो. अत्तरवाला सुगंध तेलात बांधून ठेवतो, अगदी तसा.

आता नागझिऱ्यात चला. १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत हे जंगल भंडारा जिल्ह्यातच होतं. तिथली रानकुत्री पायवाटा एकमेकींना मिळतात अशा जागा हेरतात आणि अख्खा कळप तिथेच विष्ठा टाकतो. वाटेने येणाऱ्या दुसऱ्या कळपाला कळावं, इथे कोण राहतं ते.

आणि आता तुमच्या स्वयंपाकघरात या. फ्रिजच्या मागे तो ओला कोपरा. काल फिनाईलने पुसला होता, आज पुन्हा तिथेच! पिल्लू मुद्दाम करतंय? राग काढतंय? छे. वाघ आणि रानकुत्री ज्या विद्येवर जगतात, तीच विद्या तुमचं दोन महिन्यांचं पिल्लू गिरवतंय. ते घाणेरडं नाही. त्याच्या हिशेबाने ते अगदी स्वच्छतेने वागलंय. कसं, ते समजून घ्यायला तणसाच्या ढिगाऱ्यापासून सुरुवात करावी लागेल.

तणसात व्यालेली कुत्री कधी नीट पाहिलीय? डोळे मिटलेली पाच-सहा पिल्लं, दिवसभर दूध पितात. मग तणीस ओलं का नाही होत? कारण नवजात पिल्लाला स्वतःहून मुतताच येत नाही. आई त्याच्या पोटाखाली चाटते, त्या स्पर्शाने मूत्राशय मोकळं होतं आणि जे येतं ते ती चाटून गिळून टाकते. ना ओल, ना वास. शिकारी प्राण्याला माग लागू नये आणि पिल्लांचं अंथरूण कोरडं राहावं, अशी दोन्ही कामं एका जिभेने होतात.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लाचे पाय चालू लागतात आणि एक नवल घडतं. कुणीही न शिकवता ते लडबडत अंथरुणापासून चार पावलं दूर जातं, तिथे मुततं आणि परत उबेत येतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत अनेक वर्षं पिल्लांची वाढ टिपली. १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. साडेआठ आठवड्यांच्या सुमारास पिल्लू ठरावीक जागा पकडू लागतं, असं त्यांना आढळलं.

म्हणजे ‘झोपायच्या जागी घाण करायची नाही’ हा नियम पिल्लू उपजतच घेऊन तुमच्या दारात येतं. गोची एवढीच की त्याचं घर आणि तुमचं घर एक नाही. त्याच्या लेखी घर म्हणजे ते झोपतं ते पोतं आणि त्याभोवतीची दोन हात जागा. बैठकीची खोली? बाहेर. देवघरासमोरची फरशी? जंगल! फ्रिजमागचा कोपरा पोत्यापासून सगळ्यात लांब, म्हणून तर त्याने तो निवडला. सवय लावायची म्हणजे त्याला नवा नियम शिकवायचा नाही. जुन्या नियमाची हद्द पोत्यापासून उंबरठ्यापर्यंत सरकवायची आहे.

म्हणूनच जाणकार सुरुवातीला पिल्लाला अख्खं घर मोकळं देत नाहीत. आधी एक लहान जागा. ती कोरडी राहू लागली की एक खोली. मग दुसरी. तिथे ते जेवतं, झोपतं, खेळतं. आणि जिथे जेवण-झोप होते, ती जागा त्याच्या नकाशात घर होते.

पण इच्छा असली तरी शरीराने साथ द्यायला हवी ना? मूत्राशय भरलं की त्याच्या भिंती ताणल्या जातात आणि निरोप पाठीच्या कण्यातून वर मेंदूच्या देठापर्यंत जातो. तिथे एक इवलंसं केंद्र आहे. ब्रिटिश शल्यचिकित्सक फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी १९२५ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवून दिलं. साठवायचं की सोडायचं, याचा निवाडा तिथे होतो, आणि ‘अजून थांब’ म्हणणारा मेंदूचा वरचा भाग लहान पिल्लात पुरता तयार नसतो. म्हणून ढोबळ हिशेब असा: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास ते दिवसा जेमतेम धरू शकेल. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, तेही नशीब असेल तर. झोपून उठल्यावर, खाऊन झाल्यावर आणि खेळून दमल्यावर तर लगेच बाहेर न्यायलाच हवं.

बाहेर नेलं, आता किती वेळ लागेल? इथे आणखी एक गंमत. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेच्या पॅट्रिशिया यांग, डेव्हिड हू आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्राण्यांच्या मुतण्याचा वेळ मोजला. तीन किलोहून जड सस्तन प्राणी साधारण २१ सेकंदांत मोकळे होतात. शेळी असो, कुत्रा असो की हत्ती! हत्तीचं मूत्राशय कितीतरी मोठं, मग वेळ सारखाच कसा? त्याची मूत्रनलिका लांब आणि रुंद असते. उंच टाकीतून पाणी जोरात येतं त्याच न्यायाने गुरुत्वाकर्षण तिथे धारेला जोर देतं. या मोजणीसाठी त्यांना २०१५ साली गमतीदार संशोधनाला मिळणारं इग नोबेल मिळालं. तुम्हाला यातून एक उपयोगी गोष्ट मिळते. धार सुरू होताच ‘शाब्बास’ म्हणून ओरडू नका, नाहीतर पिल्लू अर्धवट टाकून तुमच्याकडे धावेल आणि उरलेलं घरात येऊन करेल. धार पूर्ण थांबू द्या आणि मग दोन-तीन सेकंदांच्या आत तोंडात भाकरीचा तुकडा द्या. एवढ्याच अवधीत त्याचा मेंदू ‘केलं’ आणि ‘मिळालं’ यांची गाठ बांधतो. घरात शिरल्यावर दिलेला तुकडा घरात शिरण्याचं बक्षीस ठरतो.

याच कारणाने तासाभरापूर्वीच्या डागावर नाक घासणं अगदी वाया. कृत्य कधीच निसटून गेलेलं असतं. पिल्लाला कळतं ते एवढंच की माणूस जवळ असताना मुतणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागे लपून करायला शिकतं, आणि बाहेर नेलं तर तुमच्या देखत करतच नाही. काही पिल्लं तर तुम्ही नुसतं वाकलात तरी उताणी होतात आणि थोडं मुततात. आई चाटायला येई तेव्हाची ती देहबोली, ‘मी लहान आहे, तुझ्या स्वाधीन आहे.’ त्यावर ओरडलात तर ती आणखी लहान होतात, म्हणजे आणखी मुततात!

आता फिनाईलचं कोडं. कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी वीस कोटींहून अधिक असल्याचा अंदाज आहे. आपल्या सुमारे पन्नास-साठ लाख. शिवाय वरच्या पुढच्या दातांमागे टाळूत एक वेगळं गंधेंद्रिय उघडतं. तुम्हाला जिथे फक्त फिनाईल येतं, तिथे त्याला फिनाईल आणि खाली कालचं मूत, दोन्ही वेगवेगळे येतात. इतकंच काय, मूत आपलं की परक्याचं हेही त्याला कळतं. मार्क बेकॉफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने पाच हिवाळे आपल्या जेथ्रो या कुत्र्यासोबत फिरताना पिवळा झालेला बर्फ उचलून दुसरीकडे ठेवून पाहिला. जेथ्रो स्वतःच्या बर्फापाशी थोडाच वेळ थांबे, इतर कुत्र्यांच्या बर्फापाशी मात्र रेंगाळे. २००१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

म्हणून वास झाकू नका, मोडा. एन्झाइम असलेली धुण्याची पावडर पाण्यात कालवून डाग भिजू द्या. एन्झाइम वासाचे मोठे रेणू तोडतात. अमोनिया असलेलं क्लीनर मात्र टाळा. मुतातल्या युरियावर जिवाणूंनी काम केलं की अमोनियाच होतो, म्हणजे ‘इथेच कर’ अशी पाटी तुम्हीच रंगवून दिल्यासारखं. मातीची, सारवलेली जमीन मूत पिऊन घेते, म्हणून तिथला ओला थर खरवडून काढलेला बरा. आणि हीच विद्या उलटी वापरा: घरात ओलं झालेलं फडकं अंगणातल्या ठरलेल्या कोपऱ्यात नेऊन ठेवा. पाटी तिथे लागली की पिल्लू तिथेच वाचायला जाईल.

पण सवय लागलेला कुत्रा एकाएकी घरात मुतायला लागला, पाणी जास्त प्यायला लागला किंवा थेंब थेंब करू लागला, तर ती शिकवणी नव्हे, पशुवैद्याची बाब आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, काहीही असू शकतं. भातशेतीच्या मुलुखात तर आणखी सावध राहावं. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू कुत्र्याच्या मुतातून पसरतात, ओल्या मातीत आणि बांधीतल्या साचलेल्या पाण्यात टिकतात आणि माणसालाही गाठतात. कुत्र्याला त्याची लस मिळते, आणि डाग पुसताना हातमोजे घालणं हे नखरे नव्हेत.

शेवटी एक प्रसंग, जो अनेक घरांत हमखास घडतो. भंडाऱ्याच्या घरात वर्षभर एकही डाग न पाडलेला कुत्रा नागपूरला मावशीकडे जातो आणि पहिल्याच तासात तिच्या दिवाणखान्यात पाय वर करतो. मावशी म्हणते, ‘हा तर शिकलेला होता ना?’ शिकलेला आहेच, मावशी. त्याचं घर भंडाऱ्याच्या फाटकापाशी संपतं. तुमची खोली त्याच्या नकाशात अजून आलेली नाही. तिथे दोन दिवस त्याला पिल्लासारखं वागवा: थोडी जागा, तिथेच जेवण, तिथेच झोप, आणि बाहेरच्या धारेनंतर तुकडा. या खेपेला नकाशा फार लवकर वाढतो.