जुनी मोटार घेण्यापूर्वी करावयाची परीक्षा

धान्याचा व्यापारी पोत्यात सळई घालून वानगी काढतो, दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि मगच भाव बोलतो. निपाणीच्या पेठेतील तंबाखूचा जाणकार पान हाती घेऊन, त्याचा वास घेऊन मालाची प्रत सांगतो. परंतु हेच चोखंदळ गृहस्थ कित्येक लाखांची जुनी मोटार घेतेवेळी मात्र तिच्या रंगाचा तजेला पाहून इसार देऊन मोकळे होतात. वस्तुतः मोटार हाही मालच होय, आणि मालाची पारख करण्याची आपली रीत तिलाही लागू पडते. ती कशी, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

पुराचे पाणी

कंग्राळी, बेळगाव व निपाणी हा टापू सीमेवरचा असल्यामुळे येथे बेळगावच्या केए २२ व चिकोडीच्या केए २३ या गाड्यांबरोबरच कोल्हापूर पासिंगच्या एमएच ०९ व गोव्याच्या गाड्याही विक्रीस येतात. गोव्याच्या खाऱ्या हवेने गाडीच्या तळाचा पत्रा लवकर गंजतो. म्हणून अशी गाडी उचलून खालून पाहावी. त्याहून मोठे भय पुराचे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर, सांगली व बेळगाव या जिल्ह्यांत महापूर आले आणि दोन्ही वेळी शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला. अशा पुरात बुडालेली गाडी धुऊन पुसून नव्यासारखी दिसते. परंतु तिच्या तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा पुढे कित्येक महिन्यांनी आपले काम करतो, आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते.

पाण्याची खूण लपवणे कठीण असते. आसनाचा सुरक्षा पट्टा पूर्ण शेवटपर्यंत ओढावा. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर चिखलाचा डाग राहून जातो. पायाखालचा गालिचा उचलून खाली हात फिरवावा, आसनाच्या रुळांवरील गंज पाहावा, आणि जादा चाक ठेवण्याच्या खोलगट जागेत गाळ आहे का ते शोधावे. काचा लावून थोडा वेळ आत बसल्यास कुबट वास आपोआप लक्षात येतो. अत्तराचा घमघमाट असल्यास अधिक सावध व्हावे.

अंग आणि इंजिन

गाडी भर उजेडात पाहावी. पावसात किंवा रात्री पाहू नये. दारे व बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत का, काचेभोवतीच्या रबरावर रंगाचे शिंतोडे आहेत का, हे तपासावे. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक लोखंडी पत्र्यावर फिरवावे. ज्या जागी ते धरत नाही तेथे लांबी भरलेली असण्याचा संभव असतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोहोचण्यापूर्वी मालकाने ते तापवून ठेवले असेल, तर सकाळचा दोष झाकला जातो. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळीत आहे. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर आत पाणी शिरत असावे. तेलाची पट्टी काढून पाहता तेल दुधाळ दिसले, तर सौदा तेथेच थांबवावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून थोड्या वेळात विझला पाहिजे. तो मुळीच न लागल्यास अपघातानंतर काही लपवले असल्याचा संशय घ्यावा, कारण येथे प्रश्न पैशाचा नसून कुटुंबाच्या जिवाचा असतो. टायरवरील चार आकडी खुणेत पहिले दोन आकडे आठवडा व शेवटचे दोन वर्ष सांगतात. किलोमीटरचा आकडा कमी आणि पेडलचे रबर गुळगुळीत, असा विसंवाद आढळल्यास दुरुस्तीच्या जुन्या पावत्या मागाव्यात.

सपाट रस्त्यावरील फेरीने समाधान मानू नये. वंटमुरीचा किंवा तवंदीचा घाट चढून पाहावे. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच झिजला आहे असे समजावे. ब्रेक दाबताना गाडी एका बाजूस ओढते का, हेही पाहावे. शेवटी आपल्या विश्वासातील मिस्त्रीस, विक्रेत्याने सुचवलेल्या नव्हे, गाडी दाखवावी.

कागदपत्रे

चासीवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा. बँकेचा बोजा असल्यास कर्ज फिटल्याचे पत्र व नमुना ३५ घेतल्याविना रक्कम देऊ नये. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. गाडी कोल्हापूर किंवा गोव्याची असेल तर तेथील आरटीओचा ना हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, आवश्यक आहे. शिवाय कर्नाटकात नोंदणी करताना येथील आजीवन कर भरावा लागतो. हा खर्च किमतीत धरला नाही, तर स्वस्त वाटलेली गाडी महाग पडते. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये खरेदीदाराने तीस दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते, आणि विमाही आपल्या नावे करून घ्यावयाचा असतो.

विकणाऱ्या बंधूंनीही येथे दक्ष राहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला, की गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव राहिले, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक समजला जाईल. तेव्हा कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून गाडी हवाली करणे हे दोन्ही पक्षांस घातक आहे.

ही सर्व परीक्षा एका दिवसात होण्यासारखी आहे. विक्रेता तेवढा अवधी देण्यास राजी नसेल, तर इसार खिशातच ठेवून दुसरी गाडी पाहावी.