धबधबा, रील आणि निवडीचे गणित

पावसाळ्यातल्या रविवारी मळवली स्थानकावर लोकल रिकामी होते आणि गर्दी भाज्याच्या रस्त्याला लागते. लेणी, धबधबा, लोहगड की विसापूर, हे अनेकांनी आदल्या रात्री रील पाहून ठरवलेले असते. कणसे भाजणाऱ्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत कितीतरी जणांचा हंगाम या गर्दीवर चालतो, तेव्हा समाजमाध्यमांना सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. धोका आहे तो खऱ्याच दृश्यांच्या निवडीत. रील किती वेळ पाहिली गेली, किती जणांना पाठवली गेली, अशा खुणांवरून ती आणखी कोणाला दाखवायची हे संगणकीय प्रणाली ठरवते. चित्रित केलेली जागा आज, या पावसात धोक्याची आहे का, हे त्या खुणांवरून कळत नाही. त्यामुळे उघडिपीतला फेसाळ धबधबा मुसळधार पावसाच्या दिवशीही तितक्याच दिमाखात समोर येतो.

सह्याद्रीतले पाणी मात्र तासाभरात रूप पालटते. इथला काळा पाषाण पाणी फारसे मुरू देत नाही, उतार तीव्र आहेत आणि मातीचा थर पातळ. वर डोंगरात सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर पायांवरचा रेटा चौपट होतो. त्यात शेवाळलेला खडक, मग गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला पाडते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात असाच लोंढा आला आणि एकाच कुटुंबातील एक महिला व चार मुले दगावली. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने धोक्याच्या ठिकाणी सेल्फी आणि रील काढण्यावरही बंदी घातली.

लोक फोन येण्याआधीही भुशीला जात आणि बुडत, असा आक्षेप कोणी घेईल. तो खराच आहे. पाण्याची ओढ कोणत्याही प्रणालीने निर्माण केलेली नाही. पण भारतीय डॉक्टरांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातील जगभरच्या बातम्या चाळून सेल्फी काढतानाचे २५९ मृत्यू मोजले गेले. त्यांत सर्वाधिक भारतातले होते आणि बुडणे हे सर्वांत मोठे कारण होते. बातम्यांवर बेतलेली ही मोजणी अपुरी असणार, तरी कॅमेऱ्यासाठी घेतलेल्या जोखमीची दिशा तीतून दिसते. शिवाय भुशीच्या दुर्घटनेची चित्रफीत याच माध्यमांतून देशभर पोहोचली आणि पाणी किती झपाट्याने वाढते ते लोकांनी पाहिले. म्हणजे इशारा पोहोचवण्याची ताकदही इथेच आहे.

प्रणाली जे पसरवेल ते अटळ आहे, ही समजूत मात्र टिकत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या मुले पळवण्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी संदेश पुढे पाठवण्यावर मर्यादा आणली. २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणल्यावर अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. नियम बदलला की प्रसार बदलतो. मग धबधब्याच्या रीलवर चित्रणाची तारीख आणि हवामान खात्याचा पाहण्याच्या दिवशीचा इशारा दाखवणे कंपन्यांना अवघड नसावे. तोवर मळवलीला उतरण्याआधी रीलची तारीख आणि घाटमाथ्याचा अंदाज आपणच पाहावा, आणि लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा.