ओरखडा कोणत्या बाजूला?

निगेटिव्हवर ओरखडा दिसला, की आधी त्यावरून छापलेला कृष्णधवल फोटो पाहावा. रेघ पांढरी असेल, तर ओरखडा बहुधा फिल्मच्या चकचकीत पाठीवर असतो. तिथे प्रकाश विखुरतो नि कागदापर्यंत कमी पोचतो. जुने छायाचित्रकार नाकावरचे तेल बोटाने त्यावर पुसट लावीत. चर भरला, की रेघ मावळे. रेघ काळी असेल, तर मात्र चांदीचा थरच खरवडला गेला. तो काही परत येत नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर लांबच लांब सरळ रेघा असल्या, तर कॅसेटच्या तोंडाशी मखमलीत अडकलेला कण शोधावा. आणि ओली फिल्म बोटांनी निपटू नये. पाण्याने फुगलेले जिलेटिन फार मऊ असते. आजोबांची उरलेली एकच निगेटिव्ह अशी गेली, तर दुसरी आणायची कोठून?