पट्टा परत का जात नाही?

हॉर्न बंद पडला तर आपल्याकडे माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो. सीटबेल्ट बिघडला तर वर्षभर तसाच चालवतो. ओढला की येतो, सोडला की परत जात नाही. मग तो दारात चेमटतो, मळतो, आणि बाहेर लोंबणारं टोक सोलापूर रस्त्यावरचे दुचाकीवाले हात करकरून दाखवत राहतात. आमच्या गाडीचे पुढचे दोन्ही पट्टे असेच झाले होते. गाडीला 15 वर्षं पूर्ण होत आलेली, आरसीचं नूतनीकरण करायचं, म्हणजे परिवहन कार्यालयात निरीक्षक गाडी उघडून बघणार. नाइलाजाने का होईना, हांडेवाडी रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गाडी नेली.

मिस्त्री तिशीतला. त्याने पाना उचललाच नाही. आधी विचारलं, "काका, बेल्ट शेवटचा कधी पुसला होता?"

सीट पुसतो, काच पुसतो, डॅशबोर्डला पॉलिश मारतो. पट्टा कोण पुसतं? त्याने पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि उलटा करून दाखवला. दर्शनी बाजू राखाडी, आतली बाजू चकाकणारी काळी. मग दोन दारांमधल्या खांबावर, खांद्याच्या उंचीला जी कडी असते, तिच्या आतून अंगठ्याचं नख फिरवलं. नखावर मेणासारखा काळा थर आला. घाम, डोक्याचं तेल आणि हडपसरची धूळ. आमच्याकडे रस्ता खणलेला नाही असा महिना जात नाही, आणि उन्हाळ्यात काचा उघड्या ठेवून फुरसुंगी-मंतरवाडीकडे रोज जाणाऱ्याच्या गाडीत किती माती जाते ते वेगळं सांगायला नको. पट्टा आत ओढणारी स्प्रिंग मुद्दामच हलकी ठेवलेली असते, नाहीतर ती दिवसभर छातीवर दाब देत राहील. त्या बिचारीला कडीतला हा चिकटा ओलांडून पट्टा खेचायचा असतो. "दहातल्या सात गाड्यांना एवढंच झालेलं असतं," मिस्त्री म्हणाला. "लोक येतात नवीन बेल्ट टाकायला. मी बादली आणतो."

बादली खरोखरच आली. पट्टा पूर्ण बाहेर काढून खांबाच्या तळाशी, जिथून तो आत शिरतो तिथे, क्लॅम्प लावला, म्हणजे मधेच सटकन आत जाणार नाही. कोमट पाणी, त्यात भांडी घासायचं थोडं लिक्विड, आणि कपड्यांचा मऊ ब्रश. ब्रश लांबीच्या दिशेनेच चालवायचा, आडवा नाही; आडवा घासला तर धागे उचकटतात. ब्लीच, पेट्रोल, थिनर यांतलं काहीही पट्ट्याला लावायचं नाही. पट्टा पॉलिएस्टरचा असतो आणि रसायनाने धागा आतून कमजोर झाला तरी वरून काही कळत नाही. बादलीतलं पाणी चहासारखं झालं, ओतून दिलं, परत भरलं. कडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली.

यानंतरचा भाग कंटाळवाणा, म्हणूनच बहुतेक लोक चुकवतात. पट्टा क्लॅम्पसकट तसाच सावलीत वाळू द्यायचा. ओला आत गेला तर रिळावर बुरशी धरते आणि लोखंडाला गंज. मला घाई होती, त्याला नव्हती. "तेल मारून देऊ का दोन थेंब?" असं शेजारच्या पोराने विचारलं तर त्याच्यावर तो खेकसला. तेलाला धूळ चिकटते, ते पट्ट्याला लागतं, आठवडाभर झकास चालतं आणि मग आधीपेक्षा वाईट होतं.

दुपारनंतर क्लॅम्प काढले. ड्रायव्हरचा पट्टा एका दमात वर गेला. शेजारच्या सीटचा मात्र निम्मा जाऊन थांबला. आता पाना.

खांबाचं खालचं प्लॅस्टिकचं आवरण क्लिपांवरून उचकटलं. आत सतरा नंबरच्या पान्याने सुटणारा बोल्ट आणि त्यावर तोललेलं रिळ. ते सोडवून त्याने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, ओढा. मी ओढलं, हलेना. पार जाम. माझी खात्री पटली की हे कामातून गेलं. त्याने माझ्याच हातातलं रिळ जरासं फिरवून गाडीत असतं तसं सरळ धरलं. पट्टा मुकाट्याने बाहेर आला. परत थोडं तिरकं केलं, आत 'टक' असा बारीक आवाज झाला, पुन्हा जाम.

रिळाच्या पोटात एका वाटीत पोलादी गोळी असते. गाडीला जोरात ब्रेक लागला, धडक बसली किंवा गाडी कलंडली की गोळी वाटीतून वर चढते, एक खिट्टी उचलते, खिट्टी रिळाच्या दात्यांत अडकते आणि पट्टा जागच्या जागी थांबतो. शिवाय दुसरी एक सोय असते: पट्टाच झटक्याने ओढला तरी रिळ अडतं. म्हणून बेसमेंटच्या उतारावर गाडी उभी असताना पट्टा निघत नाही, तेव्हा तो बिघडलेला नसतो, काम करत असतो. अशा वेळी जोर लावून उपयोग नाही. पट्टा इंचभर आत जाऊ द्यायचा, गोळी खाली बसते, मग सावकाश ओढायचा. रिळ काढून हातात घेतलं की ते हमखास तिरकं होतं, आणि चांगली रिळं याच कारणाने भंगारात जातात.

आमच्या रिळाची मात्र स्प्रिंगच ढिली झाली होती. ती स्प्रिंग, म्हणजे चावीच्या घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी, बाजूच्या डबीत असते. डबी उघडून स्प्रिंगला दोन पीळ वाढवून देणारे लोक पुण्यात आहेत. हा त्यांतला नव्हता. डबी उघडली की पट्टी उसळून बोटं कापते, हे एक. दुसरं म्हणजे एअरबॅगवाल्या गाड्यांमध्ये याच रिळाला प्रीटेन्शनर जोडलेला असतो. धडकेच्या क्षणी बारूद उडवून पट्टा घट्ट करणारं ते यंत्र. त्याच्या पिवळ्या वायरीला बॅटरी न काढता हात लावणं म्हणजे स्वतःच्या हाताने अपघात करणं. आमच्या साध्या गाडीत ते नव्हतं, तरी त्याचं उत्तर एकच: नवा टाका.

मी पुणेकर, नाना पेठेत जुना पार्ट मिळेल का, हे विचारलंच. तो म्हणाला, "आरसा भंगारातला लावीन, काच लावीन, दार लावीन. बेल्ट नाही." आणि कारण म्हणून कोपऱ्यातून एक जुना पट्टा काढून दाखवला. कडीतून जाणाऱ्या भागात वीतभर पट्टा वितळल्यासारखा कडक, चकचकीत झालेला. मोठ्या अपघातात माणसाचा भार आला की पट्टा कडीतून इतक्या जोरात घासतो की धागा भाजतो आणि ताणला जातो. तो पट्टा आपलं काम एकदा करून बसलेला असतो. भंगारातली गाडी भंगारात कशाने आली, हे विकणारा सांगत नाही.

नवा पट्टा बसवतानाही त्याने एक गोष्ट बजावली. बोल्ट जुनाच किंवा नव्याबरोबर आलेलाच. गाडीतले बाकी बोल्ट मिलिमीटरचे, पण पट्ट्याचा बोल्ट बहुतेक गाड्यांत 7/16 इंची असतो; डब्यातला दुसरा ठोकून बसवला तर आटे जातात. मग पट्ट्याला पीळ पडला नाही ना ते बोटांनी वरपासून खालपर्यंत तपासलं, आणि मागच्या रिकाम्या गल्लीत दोनदा कचकन ब्रेक मारून दाखवला. दोन्ही वेळा पट्ट्याने धरलं.

हे सगळं चालू असताना मनात येत होतं की या कटकटीपेक्षा पट्टा आपोआप बांधला गेला असता तर? तसे पट्टे होऊन गेले. 1981 च्या टोयोटा क्रेसिडात मोटरवर चालणारा पट्टा आला. अमेरिकेने 1987 च्या मॉडेलपासून आपोआप काम करणारी सुरक्षा टप्प्याटप्प्याने सक्तीची केली, तेव्हा एअरबॅगपेक्षा स्वस्त पडतो म्हणून अनेक कंपन्यांनी हा पट्टा बसवला. दार लावलं की खांद्याचा पट्टा दारावरच्या रुळावरून घरंगळत मागे यायचा. कमरेचा मात्र हाताने लावावा लागे, आणि एक आपोआप लागला म्हटल्यावर लोक दुसरा विसरत. गाडी जुनी झाली की मोटर किंवा दाराचा स्विच जायचा आणि पट्टा रुळाच्या मध्यावर थांबायचा. एअरबॅग सक्तीची झाल्यावर नव्वदीच्या दशकाच्या शेवटी तो प्रकार संपला. भारतीय बाजारात तो रुजलाच नाही, ते बरंच झालं. आमचा मिस्त्री तो बादलीने दुरुस्त करू शकला नसता.

आपल्याकडे तर उलटी तऱ्हा. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना पुढच्या सीटसाठी पट्ट्याची आठवण करणारा बझर सक्तीचा झाला, तर तो गप्प करणाऱ्या खोट्या क्लिपा विकायला आल्या. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांतून अशा क्लिपांच्या 13,118 नोंदी काढायला लावल्या. त्याआधीच्या वर्षी, 2022 मध्ये, देशात पट्टा न लावलेले 16,715 जण रस्त्यावर मेले. त्यांत 8,331 प्रवासी होते. उद्योगपती सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता.

मागच्या सीटचा विषय आमच्या मिस्त्रीनेच काढला. हिशेब झाल्यावर त्याने मागचं दार उघडलं आणि विचारलं, "बकल कुठंय?" कुठेच नव्हतं. गाडी घेतली त्याच आठवड्यात हौसेने शिवून घेतलेल्या सीटकव्हरखाली तिन्ही बकलं दाबली गेली होती. कव्हर शिवणारा भोकं ठेवत नाही, आपण विचारत नाही, आणि मग मागे पट्टे आहेत पण लावायला जागा नाही. त्याने ब्लेडने शिवण उसवून ती वर काढली. एकात चिक्कीचा तुकडा अडकला होता, तो टाचणीने निघाला. या कामाचे त्याने पैसे घेतले नाहीत.

मागच्या सीटवरही पट्टा न लावल्यास 1000 रुपये दंड आहे, तो भाग सोडा. पुढच्या रविवारी गाडी धुवाल तेव्हा पाच मिनिटं मागच्या सीटवर बसा. बकलं वर आहेत का बघा, प्रत्येक पट्ट्याला झटका देऊन अडतो का बघा, मग शेवटपर्यंत सावकाश ओढून सोडल्यावर परत जातो का ते तपासा. नसेल जात, तर आधी बादली घ्या. कडा उसवलेल्या दिसल्या किंवा झटक्याला पट्टा अडला नाही, तर मात्र धुवत बसू नका, नवा टाका.